कॅल्शियम-मार्गरोधक औषधे

रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींत जाणारा कॅल्शियमचा ओघ कमी करून रक्तदाब उतरवणारी औषधे. व्यवहारात ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ हे नाव रूढ आहे.

हृदयाच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवले. लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राही, ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात मात्र लवकरच थांबे. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हे त्याचे कारण निघाले. कॅल्शियमला अडवणाऱ्या औषधांचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांना देतात. व्हेरापामिल व प्रेनिलअमाइन या औषधांचा हृदयस्नायूवरील परिणाम कॅल्शियम काढून घेतल्यासारखाच असतो, असे त्यांना १९६४ च्या सुमारास आढळले. तथापि बेल्जियममध्ये तेओफिल गॉद्फ्रँ त्याच दशकाच्या अखेरीस रोहिणीच्या (धमनीच्या) स्नायूवर स्वतंत्रपणे हेच तत्त्व तपासत होते. हृदयापुरते फ्लेकेनश्टाइन यांचे अग्रत्व मान्य करावे. रक्तदाबाचा प्रश्न मात्र रोहिणीचा असल्याने गॉद्फ्रँ यांचे काम अधिक जवळचे ठरते.

पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पेशीच्या आवरणातील कॅल्शियमचे ‘एल-प्रकारचे’ मार्ग उघडताच ते आत घुसते, कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनामार्फत स्नायू आवळला जातो. मार्ग रोखले की सूक्ष्म रोहिण्या सैलावतात. प्रवाहाचा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने व्यास जरासा वाढला तरी दाब बराच उतरतो.

निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन यांचा रोख मुख्यतः रोहिण्यांवर असतो. व्हेरापामिल व काहीसे डिल्टियाझेम हृदयाची गतीही मंदावतात. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. दाब एकाएकी कोसळून पक्षाघात व हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी झाल्या आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात ती सोडून देण्याचे आवाहन झाले. अ‍ॅम्लोडिपिनचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ, ३० ते ५० तासांचा असल्याने दिवसाला एक गोळी पुरते. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात महाराष्ट्रही आरंभापासून होता, पहिली गोळी बहुधा हीच असते.

घोट्याची सूज हा नेहमीचा दुष्परिणाम. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, बोटाने दाबले की खळगा राहतो. सूक्ष्म रोहिणी रुंदावते, पण पुढची सूक्ष्म नीला (शीर) तशीच राहते. त्यामुळे केशवाहिनीतला दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. ही सूज मुळात अंगात मीठ-पाणी साचल्याची नव्हे, म्हणून लघवीच्या गोळ्यांनी ती फारशी ओसरत नाही, तरीही त्या दिल्या जातात आणि रुग्णाची एक गोळी विनाकारण वाढते. मात्रा कमी करणे किंवा टेल्मिसार्टनसारखे, नीलाही सैलावणारे औषध जोडीला देणे अधिक सयुक्तिक.