शंटिंग

गाडीचे डबे, वाघिणी (मालाचे डबे) किंवा नुसते इंजिन एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणे, जोडणे, तोडणे आणि ठरल्या जागी आणून लावणे, या कामाला रेल्वेत शंटिंग म्हणतात. 'शंट' हे मूळ इंग्रजी क्रियापद रेल्वेच्या कितीतरी आधीचे आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ दचकून बाजूला होणे, अंग चुकवणे असा होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने ते उचलले आणि पुढचे सगळे अर्थ रुळांवरूनच फुटले. मराठीत नुसते 'शंट' कुणी फारसे म्हणत नाही. 'शंटिंग करणे', 'शंटिंगला लावणे', 'शंटिंग चालू आहे' असेच बोलतात. खानदेशात हा शब्द भुसावळच्या यार्डातून घरोघर पोहोचला.

मुंबईकडून आलेला लोहमार्ग भुसावळला दुभंगतो. एक फाटा अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला जातो, दुसरा बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इटारसी-जबलपूरकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने नागपूरपर्यंतची वाट १८६७ मध्ये आणि जबलपूरपर्यंतची १८७० मध्ये पुरी केली. एकाच मालगाडीत नागपूरच्या आणि जबलपूरच्या वाघिणी असल्या की त्या इथे वेगळ्या करून नव्या गाड्या बांधाव्याच लागत. भुसावळचे यार्ड वाढले ते या गरजेतून, आणि यार्डाभोवती गाव वाढले.

जळगावला १९०० च्या सुमारास सुरत-अमळनेरकडून तापी खोऱ्याचा मार्ग येऊन मिळाला. तोही ब्रॉडगेज असल्यामुळे दोन कंपन्यांच्या वाघिणी एकमेकींच्या रुळांवर नेता येत. पाचोऱ्याला मात्र तसे जमत नसे. पाचोरा-जामनेर ही 'पीजे' ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेजवर धावणारी. तिचा डबा मोठ्या रुळावर चढणे शक्यच नव्हते. माल उतरवून पुन्हा भरणे हाच उपाय. रुळांची रुंदी सारखी नसेल तर शंटिंग खुंटते आणि तिथे हमाल लागतो.

प्रत्यक्ष काम दिसते तितके सोपे नाही. इंजिनचालकाला मागे काय चालले आहे ते दिसत नसते. जमिनीवर उभा असलेला पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) किंवा शंटिंग जमादार हेच त्याचे डोळे. दिवसा हिरवी झेंडी, रात्री हिरवा दिवा. ती सावकाश वर-खाली हलवली तर इंजिनाने आपल्यापासून दूर जायचे, अंगासमोर आडवी हलवली तर आपल्याकडे यायचे, लाल दिसली की थांबायचे. रुळालगत बुटके शंट सिग्नल असतात. जुन्या प्रकारात पांढऱ्या तबकडीवर लाल पट्टी असते: पट्टी आडवी म्हणजे थांबा, तिरपी म्हणजे जपून पुढे. नव्या प्रकारात तेच काम दोन पांढरे दिवे करतात. वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी १५ किलोमीटर, आणि स्फोटकांच्या वाघिणी असतील तर ताशी ८.

सर्वांत जोखमीचा क्षण जोडणीचा. जुन्या स्क्रू कपलिंगच्या डब्यांत माणसाला दोन बफरांच्या मध्ये वाकून शिरावे लागे. जड कडी उचलून समोरच्या हुकात अडकवायची, स्क्रू फिरवून ताणून घ्यायचा, मग ब्रेकचे होजपाइप जोडायचे. इंजिन हातभर जरी हलले तरी माणूस चिरडला जाईल, म्हणून गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय आत जायचे नाही, हा पहिला धडा. हल्लीच्या सेंटर बफर कपलरमध्ये पोलादी पंजा धक्क्यासरशी आपोआप मिटतो आणि आतली कळ खाली पडते. तरी होजपाइप जोडायला आणि कॉक उघडायला माणूस लागतोच. पूर्वी वाघिणीला इंजिनाने धक्का देऊन मोकळी सोडत, ती आपल्या वेगाने ठरल्या रुळावर जाई. याला लूज शंटिंग म्हणतात. प्रवासी बसलेल्या डब्यांना आणि स्फोटकांना ही पद्धत वर्ज्य आहे.

केळीच्या पट्ट्यात शंटिंगचा हिशेब थेट शेतकऱ्याच्या पैशाशी जोडलेला होता. रावेर, निंभोरा, सावदा या स्थानकांतून दिल्लीकडे केळी जात. घड कापला की वेळ मोजायला सुरुवात होते. साइडिंगला (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळाला) रिकामी वाघीण उशिरा लागली तर माल फलाटाकडेलाच पिकू लागे. अशा वेळी यार्डातला अर्धा तास बांधावरच्या माणसालाही कळायचा.

१९८० च्या दशकात रेल्वेने सुटी वाघीण जवळपास बंद करून एकाच मालाची, एकाच ठिकाणी जाणारी अखंड गाडी चालवायचे धोरण धरले. कोळशाची आख्खी रेक सरळ दीपनगरच्या वीजकेंद्रात जाते, मध्ये तोडजोड नाही. चाळीसगाव-धुळे फाट्यावर पूर्वी धुळ्याला इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणून लावत. मेमू या विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, त्यामुळे तेही संपले.

रुळांवरचे काम आटले तरी बोलण्यातला शब्द टिकून आहे. येरझारा घालणाऱ्या माणसाला 'काय भो, सकाळपासून नुसतं शंटिंग चाललंय तुझं' असे म्हणतात. इंग्रजी वर्तमानपत्रांत अधिकाऱ्याला 'शंट' केले म्हणजे महत्त्वाच्या जागेवरून हटवून बिनकामाच्या खुर्चीत बसवले. मराठीत त्यासाठी 'साइडिंगला टाकले', 'यार्डात टाकले' हे प्रयोग रूढ आहेत. ब्रिटनमध्ये मोटारींच्या टकरीलाही बोलीभाषेत शंट म्हणतात.

बाजूला सारण्याचा हा अर्थ मूळ कामावर अन्याय करणारा आहे. यार्डात वाघीण बाजूला नेतात ती तिला योग्य गाडीत लावण्यासाठी. शंटिंग झाल्याशिवाय ती मुक्कामाला पोहोचतच नाही. रेल्वेच्या बढतीच्या क्रमातही सहायक लोको पायलटनंतर येतो तो शंटिंगचा लोको पायलट, मग मालगाडी, मग प्रवासी आणि मेल-एक्सप्रेस. तिथे शंटिंग ही चढतीची पायरी आहे. बाजूला सारण्याचा अर्थ खानदेशाला आणखी एका कारणाने बोचतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची नेमणूक सरकारी नोकरीत 'शिक्षेची बदली' मानली जाते. माणसाला साइडिंगला टाकायचे म्हणून नंदुरबार जिल्ह्यात पाठवले, असे सहज बोलले जाते, आणि त्यात तिथल्या लोकांचे गावच साइडिंग ठरते. सातपुड्यातल्या ज्या आरोग्य केंद्राला आणि शाळेला सर्वांत तयारीचा माणूस हवा, तिथे नाराज होऊन आलेला माणूस मिळतो. ही बोलण्याची सवय सोडायला हवी.

तांत्रिक अर्थ वळण देण्याच्या मूळ कल्पनेला धरून आहेत. विजेत शंट म्हणजे मुख्य वाटेला समांतर जोडलेली दुसरी वाट. ॲमीटरमध्ये अगदी कमी रोधाची पट्टी समांतर जोडतात, म्हणजे बहुतेक प्रवाह तिच्यातून जातो आणि नाजूक यंत्र वाचते. भुसावळच्या विद्युत लोको शेडने वर्षानुवर्षे सांभाळलेल्या जुन्या डीसी मोटारींच्या इंजिनांत, वेग वाढवण्यासाठी मोटारीच्या फील्डमधला काही प्रवाह असाच समांतर रोधातून वळवतात. त्यासाठीच्या स्विचांना शंटिंग कॉन्टॅक्टर म्हणतात. ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या विद्युत मंडळात, गाडीची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडून प्रवाह शंट करतात, रिले (प्रवाहावर चालणारा स्विच) सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. वैद्यकात, मेंदूत साचलेले पाणी त्वचेखालच्या बारीक नळीने पोटात उतरवतात, त्या नळीला शंट म्हणतात. हृदयाच्या पडद्यातील छिद्रातून रक्त भलत्या कप्प्यात जाते, त्यालाही तेच नाव आहे.