बेल्जियम आणि नेदरलँड्स : दीर्घकालीन आर्थिक वाढीची तुलना

ऱ्हाईन, म्यूझ आणि स्खेल्ड या नद्यांच्या मुखाशी वसलेल्या या दोन शेजाऱ्यांची तुलना आर्थिक इतिहासात वारंवार होते. १८१५ ते १८३० या काळात तर ते एकाच राज्याचे भाग होते.

यंत्रयुगात बेल्जियम आधी उतरला. लीव्हन बावेन्सने इंग्लंडमधून चोरून आणलेल्या सूतकताई यंत्रांवर १८०० च्या सुमारास गेंटमधील गिरण्या उभ्या राहिल्या. लिएजजवळ सेराँ येथे १८१७ मध्ये जॉन कॉकरिलचा कारखाना निघाला. पुढे कोळसा, लोखंड आणि वाफेची इंजिने यांची कामे तिथे एकाच आवारात चालू लागली. गंमत अशी की, त्याला आर्थिक पाठबळ होते डच राजा पहिल्या विल्यमचे. १८३० च्या फुटीनंतर कारखाना मात्र बेल्जियमच्या वाट्याला गेला. ब्रुसेल्स–मेचेलेन रेल्वे १८३५ मध्ये धावली, ॲम्स्टरडॅम–हार्लेम १८३९ मध्ये.

एवढ्यावरून डचांना मागासलेले ठरवणे घाईचे होईल. आर्थिक इतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या तक्त्यात (१९९० चे आंतरराष्ट्रीय डॉलर, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरक वगळून काढलेले एकक) १८२० चे डच दरडोई उत्पादन १,८३८ आणि बेल्जियमचे १,३१९ आहे. १९१३ मध्ये हेच आकडे ४,०४९ आणि ४,२२० होतात. बेल्जियमचे उत्पादन तिपटीहून अधिक वाढले, डचांचे दुपटीहून थोडे जास्त. पण सतराव्या शतकातील व्यापारामुळे डच मुळातच सधन होते, आणि सधनाची वाढ मंद दिसते. शिवाय सरासरीत बरेच काही झाकले जाते : १८४५–४७ मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा बेल्जियमच्या दक्षिणेकडील वालोनियातील भट्ट्या धगधगत होत्या आणि उत्तरेकडील फ्लँडर्समधील लिननचे (जवसाच्या धाग्याचे) कापड विणणारी कुटुंबे उपाशी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारडे फिरले. वालोनियातील खाणी जुन्या आणि खोल झाल्या होत्या; ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीतील आगीत २६२ कामगार दगावले. डचांनी लिंबर्गच्या खाणी बंद करण्याचे १९६५ मध्ये ठरवले आणि १९७४ अखेर ते पुरे केले. १९५९ मध्ये स्लोख्टेरनला प्रचंड वायुसाठा सापडल्याने त्यांना ते परवडले. मात्र वायूच्या निर्यातीने गिल्डर हे डच चलन महागले, कारखानदारीला फटका बसला, आणि ‘डच रोग’ ही संज्ञा रूढ झाली.

१९८२ मध्ये बेल्जियमने फ्रँकचे ८.५ टक्के अवमूल्यन केले. त्याच वर्षी वासेनार येथे डच कामगार संघटनांनी कामाचे तास कमी करण्याच्या बदल्यात वेतनवाढीला आवर घातला. पुढे डचांमध्ये अर्धवेळ काम युरोपात सर्वाधिक फोफावले. आज दर तासाचे उत्पादन पाहिले तर दोघेही युरोपातील आघाडीच्या देशांत बसतात. फरक मुख्यतः किती लोक कामावर आहेत यात पडतो.