गोदाकाठची हरवलेली रिळं

लहानपणी आम्ही पंचवटीतली पोरं थिएटरच्या मागच्या बोळात घुटमळायचो. प्रोजेक्टरच्या खोलीची खिडकी त्या बोळात उघडायची आणि तुटलेल्या फिल्मचे तुकडे ऑपरेटर तिथूनच खाली टाकायचा. चार बोटांएवढी पट्टी, दोन्ही कडांना भोकं, मध्ये इवल्याशा चौकटी. उन्हाकडे धरली की नायिकेचा चेहरा दिसायचा. त्या पट्ट्या आम्ही कंपासपेटीत जपायचो आणि गोट्यांच्या बदल्यात त्यांचा सौदा करायचो. 24 चौकटी म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद, आणि 24 चौकटींची पट्टी भरते दीड फूट, बरोब्बर एक हात. आमच्या कंपासपेट्यांत कितीतरी सिनेमांचे सेकंद पडून होते, हे फार उशिरा उमगलं.

गेल्या काही वर्षांत जुने सिनेमे पुन्हा थिएटरला लागायला लागलेत, नाशिकलाही लागतात. पण 'पुन्हा लागला' या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. 2018 चा 'तुंबाड' 2024 मध्ये पुन्हा आला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. तो मुळात डिजिटल काळातला, त्याला काही झालेलं नव्हतं. 1976 चा 'मंथन' त्याच वर्षी आला, तो मात्र बुरशी चढलेल्या निगेटिव्हमधून, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्ममधून, चौकटी-चौकटीने वर काढलेला होता. पहिला प्रकार म्हणजे पुनर्प्रदर्शन, दुसरा म्हणजे पुनरुज्जीवन. ही गरज मुळात का पडली याचा शोध घेत गेलं की पाऊल आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबतं.

दादासाहेब फाळक्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत तयार झाला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं, हे मात्र आपल्याच गावात पुष्कळांना सांगावं लागतं. 'मोहिनी भस्मासुर' इथला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई त्यात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्या काळात स्त्रीपात्रंही पुरुषच करत असताना. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंखे यांनी राम आणि सीता दोन्ही रंगवले. 1918 मध्ये भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, आणि नाशिक हे देशातलं सिनेमा काढणारं एक मोठं गाव झालं.

या सगळ्यात माझं मन अडकतं ते सरस्वतीबाई फाळक्यांपाशी. त्या वेळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली मिळायची. दिवसभर कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक उरकून ही बाई रात्री काळोखात बसायची आणि हातयंत्रावर फिल्मच्या कडांना भोकं पाडायची. चुकून उजेड लागला तर अख्खी पट्टी वाया. चित्रीकरणात पांढरी चादर ताणून उन्हाचा कवडसा नटांच्या तोंडावर पाडायचं कामही त्यांनी केलं. फाळक्यांनी 95 चित्रपट आणि 27 लघुपट काढले असं सांगितलं जातं. त्यातल्या किती पट्ट्यांची भोकं या हातांनी पाडली असतील!

आणि त्यातलं उरलं काय? 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं. तीही 1913 ची की 1917 साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्ण जन्म' यांचे काही भाग. 1919 च्या 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग. 'मोहिनी भस्मासुर' गेला, 'सत्यवान सावित्री' गेला. ही कथा एकट्या फाळक्यांचीही नाही. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून हाताशी आहेत ते 30 च्या आत. 1931 चा पहिला बोलपट 'आलम आरा' आज कोणीच पाहू शकत नाही.

रिळं जातात कशी, हे नीट समजून घेतलं पाहिजे. 1950 च्या आसपासपर्यंत फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. हे रसायन बंदुकीच्या दारूच्या कुळातलं. पेटलं की जळताना स्वतःच प्राणवायू तयार करतं, म्हणून पाण्यात बुडवूनही विझत नाही. पेटलं नाही तरी सावकाश कुजतं: आधी चिकट होतं, मग मधासारखं पाझरतं, शेवटी तपकिरी भुकटी होते. पुढे आली ती ॲसिटेटची 'सेफ्टी फिल्म'. ती सहज पेटत नाही, पण दमट उष्ण हवेत तिच्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटायला लागतं, फिल्म आक्रसते, वाकते. एका डब्याला लागलेला हा रोग शेजारच्या डब्यालाही लागतो. रंगीत फिल्मचं दुखणं तिसरंच. निळा-हिरवा रंग उडतो आणि सगळं गुलाबी दिसायला लागतं.

याहून मोठं नुकसान माणसांनी केलं. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते. सिनेमा उतरला, पुन्हा लागायची आशा नाही, गोदामाचं भाडं चढतंय, अशा वेळी निर्मात्याने रिळं चांदी काढणाऱ्याला विकायची, हे सर्रास चालायचं. उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या व्हायच्या. मी त्या निर्मात्यांना दोष देऊ शकत नाही. सिनेमा ही ठेवायची गोष्ट आहे, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शिवाय प्रिंट, म्हणजे थिएटरला जाणारी प्रत, दाखवली की झिजायचीच. आपल्याकडे पुनर्प्रदर्शन ही काही मल्टिप्लेक्सवाल्यांची नवी युक्ती नव्हे. जिल्ह्याच्या गावी उतरलेला सिनेमा तालुक्याला जायचा, तिथून जत्रेतल्या तंबूत. टुरिंग टॉकीजवाला तीच प्रिंट ट्रकमधून यात्रेमागून यात्रा फिरवायचा. शहरात मॉर्निंग शो आणि मॅटिनीला दहा-पंधरा वर्षं जुने सिनेमे लागायचेच. 'पडद्यावर पाऊस पडतोय' हा वाक्प्रचार तिथलाच, फिल्मवरच्या उभ्या ओरखड्यांचा तो पाऊस. भोकं फाटली की ऑपरेटर तेवढा भाग कापून टोकं चिकटवायचा आणि गाण्याचं कडवं उडी मारायचं. म्हणजे ज्या सिनेमावर लोकांनी जास्त प्रेम केलं, त्याची प्रिंट जास्त खराब. यातून वाचतं ते मूळ निगेटिव्ह, कारण ते प्रोजेक्टरवर चढत नाही. पण खूप चाललेल्या सिनेमाच्या नव्या-नव्या प्रिंटा काढून निगेटिव्हही थकतं.

आपल्या विजयानंद थिएटरचंच बघा. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री तिथे 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे ते नाटकाचं थिएटर सिनेमाचं झालं. तारीख, नाटकाचं नाव, आरोपींचे जबाब, सगळं कागदावर नोंदलेलं आहे. त्याच नाशिकमध्ये चार-पाच वर्षांनी घडत असलेल्या सिनेमांची रिळं मात्र कोणत्याच दप्तरात गेली नाहीत. कोर्टाच्या कागदाला दप्तरखाना होता, सिनेमाला नव्हता.

तो मिळाला 1964 मध्ये. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले. 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत या माणसाने सुमारे 12,000 सिनेमे जमवले. फाळक्यांचं जे काही आज दिसतं ते प्रामुख्याने त्यांच्या धडपडीमुळे. कुठल्याशा गोदामात, कुठल्याशा कुटुंबाच्या माळ्यावर डबा आहे असं कळलं की ते निघायचे. 'कालिया मर्दन'चे सुटे तुकडे ओळीने लावून त्यांनी तो पाहण्याजोगा केला. संग्रहालयावर आघातही झाला: 8 जानेवारी 2003 रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळं गेली. ज्यांच्या सेफ्टी फिल्मवर प्रती आधीच काढलेल्या होत्या, ते सिनेमे तेवढे वाचले.

मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी एक घटना बर्लिनची आहे. तेंडुलकरांच्या नाटकावरून 1976 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या तरुणांनी युक्त या सहकारी संस्थेमार्फत 'घाशीराम कोतवाल' काढला. इथे तो जवळजवळ कोणी पाहिला नाही. प्रिंट सापडली ती बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत. तिथल्या लोकांनी ती डिजिटल करून 2014 च्या बर्लिन महोत्सवात पुन्हा दाखवली. पुण्याच्या नाना फडणविसाची गोष्ट जर्मनीत जपली गेली. मला यात लाज वाटण्यापेक्षा आशा वाटते. जगात कुठेतरी एखादा डबा थंड खोलीत शाबूत असू शकतो.

2014 मध्येच मुंबईत शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी फिल्म हेरिटेज फाउंडेशन स्थापन केलं. 'मंथन' त्यांनीच उजळला. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा सिनेमा. त्याचं मूळ कॅमेरा निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होतं. आवाजाचं निगेटिव्ह मात्र कामाचं राहिलं नव्हतं, म्हणून आवाज फाउंडेशनने जपलेल्या एका प्रदर्शन-प्रिंटवरून घेतला. चित्र एकीकडून, आवाज दुसरीकडून, असा सांधलेला सिनेमा मे 2024 मध्ये कान महोत्सवात आणि जूनमध्ये आपल्याकडच्या थिएटरांत लागला. पंधरा वर्षं प्रोजेक्टर फिरवून झिजलेली प्रिंट एरवी भंगारात जाते, इथे तशाच एका प्रिंटमुळे स्मिता पाटीलचा आवाज परत मिळाला. 'शोले'चंही असंच. आणीबाणीत सेन्सॉरमुळे त्याचा शेवट बदलावा लागला होता. मूळ निगेटिव्ह खराब झालेलं, पण इंग्लंडमधल्या एका गोदामात जुनी रिळं सापडली आणि ठाकूर गब्बरला मारतो तो पहिला शेवट 2025 मध्ये लोकांनी पाहिला.

हे काम चालतं कसं? आधी फिल्म हाताने दुरुस्त करतात. टेबलावर उजेड, हातात मोजे, आणि फाटलेलं एकेक भोक पारदर्शक पट्टीने सांधायचं. एका तासाच्या सिनेमात 86,400 चौकटी, आणि प्रत्येकीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. सरस्वतीबाईंनी जे पाडलं, तेच इथे कोणीतरी पुन्हा जोडत बसतं. मग धुलाई, मग एकेका चौकटीचं स्कॅनिंग, मग संगणकावर ओरखडे, डाग, थरथर काढणं, रंग जुळवणं. शेवटच्या टप्प्यावर मोह आवरावा लागतो. फिल्मला स्वतःचा बारीक रवा असतो, म्हणजे चित्रभर पसरलेले इवलेसे दाणे, तो घासून काढला तर नटांचे चेहरे मेणाचे दिसतात. कृष्णधवल सिनेमाला रंग चढवणं म्हणजे तर पुनरुज्जीवन नव्हेच, माझं मत यावर पक्कं आहे.

खर्चाची बाजूही आहे. केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत 2022 मध्ये 2200 सिनेमांसाठी 363 कोटी रुपये जाहीर झाले. कायद्याने सिनेमाचे हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतात. म्हणजे 1965 पर्यंतचे सिनेमे आता सगळ्यांचे. पण हक्क सुटले तरी रीळ कोणाच्या तरी कुलुपातच असतं, आणि हक्क सुटलेले नसतील तर वारसदारांत एकमत होईपर्यंत व्हिनेगर थांबत नाही.

फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहली येतात. तिथे 'कालिया मर्दन' मोठ्या पडद्यावर, शेजारी तबला-पेटी घेऊन, नेमाने दाखवला जावा असं मला फार वाटतं. त्याची सुरुवात अजब आहे. फाळक्यांची लेक मंदाकिनी, सातेक वर्षांची, नुसता चेहरा. ती राग, हसू, भीती असे भाव एकामागून एक करून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यावरून बाळकृष्ण उमटतो. शंभर वर्षांपूर्वीची नाशिकची पोर आपल्याकडे थेट बघते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त ऑपरेटरकाकांनी माळ्यावरची पेटी उतरवली. झाकण उघडताच आंबलेल्या लोणच्याचा दर्प खोलीभर पसरला. आत पत्र्याचे तीन डबे. दोनमधली फिल्म चिकटून विटेसारखी झालेली. काका म्हणाले, "याला हात लावू नको, तुटेल." तिसऱ्यातली सुटी होती. डब्यावर खडूने 'रीळ 7' एवढंच लिहिलेलं, सिनेमाचं नाव पुसलेलं. आम्ही टोकाची हातभर फिल्म खिडकीशी धरली. नदीचा घाट, पायऱ्यांवर बसलेली एक बाई, तिचं तोंड पलीकडे. 24 चौकटींत ती वळली नाही. पेटी दमट माळ्यावरून काढून कोरड्या गार खोलीत ठेवली आहे आणि पुण्याच्या संग्रहालयाला पत्र गेलंय.