गच्चीवरचा पत्रा उडतो कसा?

13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. ते चक्रीवादळ नव्हतं, वळवाचं वादळ होतं. वाहिन्यांवर ‘महाचक्रीवादळ’ येईपर्यंत निर्धास्त राहणं म्हणूनच घातक आहे. ठाणे, ऐरोली, नेरूळच्या कितीतरी सोसायट्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे. तिची तपासणी वळवाच्या आधीच व्हायला हवी.

वारा पत्र्याला आडवा ढकलतो, असा समज आहे. खरं तर तो पत्रा उचलतो. कठड्यावर आदळून वर वळलेला प्रवाह पत्र्याच्या कडेपाशी पृष्ठभागापासून सुटतो, तिथे भोवरे तयार होतात आणि वरचा दाब घटतो. त्याच वेळी उघड्या बाजूने शेडखाली शिरलेला वारा टाकीला किंवा लिफ्टरूमला अडतो आणि खालचा दाब वाढतो. वरून ओढ, खालून रेटा. कोपऱ्यांत हे सर्वांत तीव्र असतं.

आता हिशेब. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा. न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये दाब मिळतो. ताशी 60 किमीला तो चौरस मीटरमागे 17 किलो वजनाइतका, 120 ला 68. वेग दुप्पट, जोर चौपट! दहा फूट बाय साडेतीन फुटांच्या पत्र्यावर 120 ला साधारण सव्वादोनशे किलोंची उचल बसते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या अशा पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम 15 किलो. वर दहा विटा ठेवल्या तर फार तर 30 किलोंची भर, आणि पत्रा सुटला की त्याच विटा खाली माणसांवर पडतात.

सुटतं कुठे? फडफडून स्क्रूभोवतीचं भोक मोठं होतं, खाडीच्या खाऱ्या हवेने तिथेच गंज धरतो. मग स्क्रू शेडच्या सांगाड्याच्या पाइपात राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून फाटून निघतो. म्हणून रुंद वॉशर हवेत, आणि कडेच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. खांबांना स्लॅबशी जखडणारे अँकर बोल्टही बघा. गच्चीवर चार-पाच इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असतो. तीन इंची बोल्ट त्यातच संपतो, स्लॅबपर्यंत पोचतच नाही. अशी शेड खांबांसकट उठते.

वादळ सुरू झाल्यावर पत्रा धरायला कुणीही वर जाऊ नये. वारा ज्या दिशेला वाहतोय त्या बाजूचं गेट वॉचमनने बंद करावं, खाली कुणाला थांबू देऊ नये. पत्रा विजेच्या तारेवर पडला तर काठीनेही हलवू नका. महावितरणला 1912 वर कळवा आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब राहा.