लकव्यानंतरचं भजन

लकवा मारलेल्या माणसाची खाट आमच्या वर्ध्याकडच्या गावांत मागच्या खोलीत टाकतात. ‘त्याले आराम करू द्या, गलका नोका करू.’ सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण दिवसभराच्या त्या शांततेत सावरणाऱ्या मेंदूला काहीच काम उरत नाही.

शेजारच्या आबाजींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मुलानं उशाशी मोबाईलवर खंजिरी भजन लावलं. काही दिवसांनी पाहिलं, तर डाव्या हाताचं बोट खाटेच्या लाकडावर ठेका धरत होतं. ‘पाणी’ म्हणता न येणाऱ्या आबाजींच्या तोंडून ध्रुपदाचा शेवटचा शब्द मात्र स्पष्ट निघाला.

हा चमत्कार नव्हे. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत मुख्यतः डावी बाजू करते. गाण्यात उजवीही सामील असते. स्मरण, भावना, हालचाल यांची केंद्रंही आवडत्या गाण्यानं एकाच वेळी जागी होतात.

फिनलंडमध्ये तेप्पो सार्कामो या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी गाण्याचा हा परिणाम मोजून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकव्याचे ६० रुग्ण होते. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळाले. शिवाय एका गटानं दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्यानं ध्वनिपुस्तकं, तिसऱ्याला असं काही दिलं नव्हतं. तीन महिन्यांनी गाणी ऐकणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता पहिल्या आठवड्यापेक्षा ६० टक्क्यांनी सुधारली होती. पुस्तकं ऐकणाऱ्यांची १८ आणि तिसऱ्या गटाची २९ टक्के. गाणी ऐकणाऱ्यांची एकाग्रताही वाढली, उदासी कमी राहिली. अभ्यास लहान, हे खरं. पण पुढच्या संशोधनात नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा शब्द असलेली गाणी स्मरण आणि भाषेसाठी जास्त उपयोगी दिसली. मला तर लगेच आपलं भजनी मंडळच आठवलं.

गोळ्या आणि व्यायाम मात्र सुटता कामा नयेत. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर आधी गाडी काढा. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

माणूस घरी आला, की पहिल्या आठवड्यांपासूनच आवाज बेताचा ठेवून रोज तासभर त्याच्या आवडीचं लावा. आवड त्याला सांगता येत नसेल, तर भजनात त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारा.