वीसपर्यंत येतं, पण चार दाणे देता येत नाहीत

बालशिक्षणात मास्टर्स करतेय असं एखादीनं सांगितलं की आपल्या सोलापुरात हमखास विचारतात, "बालवाडीच्या पोरांना शिकवायला एवढं काय शिकायचं असतंय?" मला याचं उत्तर मनापासून द्यायचंय, कारण त्यात विज्ञान आहे आणि ते भारी आहे.

तीन वर्षांचं पोरगं एक ते वीस घडाघडा म्हणतं, घरचे खूश. आता त्याच्यापुढं शेंगदाण्याची वाटी ठेवा आणि म्हणा, मला चार दाणे दे. बऱ्याचदा ते मूठभर देतं. मोज की म्हटलं तर एकेका दाण्यावर बोट ठेवत सातपर्यंत नीट मोजतं, आणि "मग किती झाले?" विचारलं की परत पहिल्यापासून सुरू! घरच्यांना वाटतं लक्ष नाही त्याचं, पण तसं नसतं. आकडे ओळीनं म्हणणं हे पाठांतर झालं, मोजताना शेवटी जो आकडा आला तेवढ्याच वस्तू आहेत हे कळणं वेगळंच, आणि ते बरंच उशिरा येतं. कॅरेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास 'अमुक इतके दे' असं सांगून मुलं तपासली. आधी फक्त 'एक' पक्का होतो, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास एकदम उलगडतं, मग चार काय नि सात काय.

हे माहीत असलेली टीचर शंभरपर्यंत पाठ करून घ्यायच्या मागं लागत नाही, ती आधी बघते की पोरगं नेमकं कुठं आहे.

बघायचं कसं हेसुद्धा शिकावं लागतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे, सारख्या मण्यांच्या दोन ओळी, एक ओळ लांब पसरवली की चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं हिच्यात जास्त आहेत. पण १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या संशोधकांनी ओळ स्वतः न पसरवता एका खोडकर टेडीकडून 'चुकून' विस्कटवली, आणि बरोबर उत्तरं खूपच वाढली. म्हणजे मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं, मग तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मुलाला वाटत असणार की काहीतरी बदललंय. प्रश्न विचारायची पद्धत चुकली तर हुशार मूलही कच्चं दिसतं, आणि मला वाटतं मास्टर्समध्ये मिळण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आपल्याकडे तर हे जास्तच लागू आहे. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू, कुठं कन्नड, कुठं उर्दू, आणि शाळेत मराठी. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी. तेलुगूत 'इरवै ऐदु', म्हणजे वीस पाच, लिहितो तसंच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण त्यामागची अडचण खरी आहे. घरी तेलुगूत झकास मोजणारं पोरगं वर्गात गप्प बसलं तर त्याच्या नावापुढं 'येत नाही' असं लिहायच्या आधी त्याला त्याच्या भाषेत मोजायला सांगून बघावं ना!

२०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, त्यामुळं पहिली-दुसरीच्या शिक्षकांनाही हे सगळं लागणार आहे. ॲडमिशन घ्यायचा विचार असेल तर फी आणि सर्टिफिकेट विचाराच, पण त्याआधी हे विचारा की आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष मुलांमध्ये बसायला मिळणार आणि तुमची निरीक्षणाची वही कुणी नीट वाचणार आहे का.