सीप्झच्या कुंपणाबाहेर किती उजेड पडतो?

अंधेरी पूर्वेला सीप्झचं, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्राचं, फाटक ओलांडलं की सीमाशुल्काच्या हिशेबात तुम्ही भारताबाहेर पोचलेले असता. लोहार चाळीतून घेतलेली वायर रीतसर कागद करून आत गेली, तर ती निर्यात. आत बनलेली वस्तू मालाडच्या दुकानात विकायला आली, तर ती आयात, आणि तिच्यावर शुल्क.

1973 साली हे क्षेत्र इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झालं. ऐंशीच्या दशकात इथे दागिन्यांचे कारखाने आले आणि आता सीप्झ म्हटलं की हिरेजडित दागिनेच आठवतात. मेणाच्या नमुन्यावरून साचा करायचा, सोनं ओतायचं, घासायचं, हिरे बसवायचे, पॉलिश मारायचं. प्रत्येक टप्प्याला थोडं सोनं भुकटी होऊन उडतं. त्याला कारागीर घट म्हणतात. जमिनीवरचा केर, पॉलिशच्या चाकाजवळची धूळ, हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून ते परत मिळवतात. सोनं महाग म्हणून हे करतात हे खरंच, पण शुल्क न भरता आत आलेल्या सोन्याचा हिशेब सरकारलाही द्यावा लागतो. जुलै 2024 पर्यंत सोन्यावरचं आयातशुल्क 15 टक्के होतं, मग ते 6 टक्क्यांवर आलं. कुंपणाच्या आत असण्याचा फायदा ढोबळमानाने एवढा.

अशा क्षेत्रांकडून सरकारांची अपेक्षा मात्र मोठी असते. गुजरातेत कांडल्याला 1965 साली असं क्षेत्र झालं तेव्हा, आणि 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर देशभर, हेतू असा होता की सवलतीमुळे गुंतवणूक येईल आणि तिच्यामुळे आजूबाजूचा मुलूख वर येईल. तो आला की नाही, हे मोजायचं कसं? निर्यातीचे आकडे फक्त आतली गोष्ट सांगतात.

इथे उपग्रह कामाला येतात. रात्रीचे दिवे आणि आर्थिक उलाढाल यांचा बऱ्यापैकी संबंध असतो, म्हणून अर्थशास्त्रज्ञ क्षेत्राच्या आत आणि भोवती वर्षागणिक उजेड किती वाढला ते पाहतात. अनेक विकसनशील देशांतल्या क्षेत्रांवर जागतिक बँकेसाठी असा अभ्यास झाला. त्यात दिसलं ते असं: क्षेत्रं सरासरीने आपल्या देशापेक्षा फारशी वेगाने वाढत नाहीत, मोठ्या शहराजवळची बरी चालतात, आणि भोवताली होणारा फायदा अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. मागास भागात कुंपण घालून विकास आणू म्हणणाऱ्यांना हे पचायला जड आहे.

मुंबईत मात्र ही मोजपट्टी तोकडी पडते. जुन्या उपग्रहांचा संवेदक उजेडाला 0 ते 63 असे गुण द्यायचा, आणि मुंबईचा बराचसा भाग आधीच 63 वर टेकलेला. त्यापुढे कितीही झगमगाट झाला तरी आकडा हलत नाही. 2011 मध्ये अंतराळात गेलेल्या नव्या संवेदकाने ही अडचण दूर केली, पण सीप्झचा पसारा जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेतला उजेड सभोवारच्या अंधेरीपासून वेगळा काढणार कसा?

खरी गोम तर पुढेच आहे. वाढलेला उजेड नवा आहे की शेजारून उचलून आणलेला? ही शंका कायद्यालाही होती. चालू धंद्याचे तुकडे करून उभारलेल्या युनिटला आयकर सवलत नाही आणि जुनी यंत्रं 20 टक्क्यांहून अधिक नकोत, अशा अटी त्यात होत्या. तरी 2011 मध्ये सॉफ्टवेअर पार्कांची जुनी करसवलत संपली आणि आयटी कंपन्यांनी वाढीचं काम क्षेत्रांतल्या इमारतींकडे वळवलं. त्यातलं किती काम एरवीही झालंच असतं, हे उपग्रह सांगू शकत नाही. माझ्या मते बरंचसं झालं असतं.

लोक शेनझेनचं उदाहरण देतात. 1980 साली तिथे आखलेलं क्षेत्र सुमारे 327 चौरस किलोमीटरचं होतं, शेजारी भांडवल आणि बंदर घेऊन हाँगकाँग उभं, आणि बाकीचा चीन खाजगी धंद्याला जवळपास बंद. तिथे कुंपणाच्या आत नियमच वेगळे होते, आपल्याकडे मुख्यतः कर वेगळा. शिवाय जमीन. रायगडमध्ये महामुंबई क्षेत्राचा बेत आला तेव्हा पेण तालुक्यातल्या 22 गावांत सप्टेंबर 2008 मध्ये सरकारनेच लोकांचं मत घेतलं. शेतकऱ्यांना हेटवणे धरणाचं पाणी आणि भातशेती हवी होती. पुढे प्रकल्प बारगळला.

महाराष्ट्रात ही क्षेत्रं मुंबई-पुण्याभोवतीच दाटली आहेत. नागपूरचं मिहान हा ठळक अपवाद. त्यात नवल नाही. कुशल माणसं, सुटे भाग पुरवणारे आणि एकमेकांचं पाहून शिकणं या तीन गोष्टी धंद्यांना एका जागी खेचतात, असं अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल 1890 मध्येच लिहून गेला. कारागीर, हिऱ्यांचे व्यापारी, विमानतळ हे सगळं सीप्झला आयतं मिळालं. करसवलत गडचिरोलीतही देता येते, हे कुठून आणायचं?

2020 नंतर सुरू होणाऱ्या युनिटांना आयकराची ती सवलत मिळणं बंद झालं. मग आयटी क्षेत्रांत मजलेच्या मजले रिकामे पडू लागले, आणि डिसेंबर 2023 मध्ये सरकारला नियम बदलून काही मजले क्षेत्राबाहेरचे समजून साध्या कंपन्यांना भाड्याने द्यायची परवानगी द्यावी लागली. आता एकाच इमारतीत, एकाच लिफ्टने, चौथा मजला परदेशात आणि पाचवा नवी मुंबईत असू शकतो.